कूलरच्या टाकीत कोण येतं

मॅडम,

यंदा टाकीत डासांच्या अळ्यांशिवाय कोणीही आलेलं नाही. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहिलं असतं आणि मग माझ्याकडे पाहिलं असतं, हिने काही लुडबूड तर केली नाही ना म्हणून. नाही केली. पावसाळा लागल्यावर कूलर काढला, त्याची खालची पत्र्याची टाकी गच्चीवर नेली, आतून डांबर लावलं, दोन घमेली माती, नळाचं पाणी, एका बाजूला सावलीसाठी गोणपाट. सगळं तुमच्या पद्धतीने. मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन वर जायचं आणि बघायचं. मागच्या वर्षी कॉलेजातून रिटायर झाले, तेव्हापासून मला दुसरं काम नाही. मिहान प्रकल्पाच्या जवळ, त्यात गेलेलं आमचं गाव जिथे होतं तिथून हाकेच्या अंतरावर, एका आठ मजली इमारतीत सगळ्यात वर राहते. एकटीच. आमच्या स्टाफरूममध्ये म्हणायचे, मॅडमची चेली मॅडमसारखीच निघाली. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

तुमच्या त्या तीन टाक्या मला अजून दिसतात. एक रामदासपेठेत तुमच्या गच्चीवर, आंब्याच्या फांदीखाली. एक सदरच्या भर बाजारात, तुमच्या मावसभावाच्या कापडदुकानाच्या छतावर. तिसरी आमच्या गावी, गोठ्याच्या मागे. माती एकाच ठिकाणची, पाणीही कॅन भरभरून तुमच्याच नळाचं नेलेलं. मी एम.एस्सी.ची, नवी आणि शहाणी. मला वाटलं, सगळं सारखं दिलं तर टाक्याही सारख्याच भरतील, त्यात पाहायचं काय? महिना उलटायच्या आत गावची टाकी गजबजली. चतुरांनी अंडी घातली, बेडकी आली, कुठून तरी गोगलगायी आल्या, पाण्यावर चालणारे किडे आले. मागे तळं होतं, नाला होता, चार विहिरी होत्या, मग येणाऱ्यांना काय तोटा? तुमच्या गच्चीवर त्याच्या निम्मेही नव्हते. आणि सदरच्या टाकीत फक्त डास. मी दर आठवड्याला जिने चढून जायची आणि त्या हिरव्यागार रिकाम्या पाण्याकडे पाहून मला अगदी भरून यायचं. एवढी नीट ठेवलेली टाकी, आणि तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

म्हणून एकदा मी गावच्या टाकीतली बेडकाची पिल्लं डबाभर आणून सदरच्या टाकीत सोडली. तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात आणि ओळखलंत. तिसऱ्या मजल्यावर जिना चढून बेडकी येत नाही, हे मला सुचायला हवं होतं. वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात, पण राग आला की तुमच्या आईचं बोलणं तोंडात यायचं. "काहून टाकलं वं?" तुम्ही विचारलंत. "आपण आपल्या हातानं टाकलं का तो आपला पसारा झाला. आपल्याले कोण येते ते पाहाचं होतं." एकेक पिल्लू माझ्याकडून डब्यात परत भरून घेतलंत आणि पुरती टाकी माझ्यासमोर उलटी केलीत. छतावरून ते पाणी वाहत गेलं आणि खाली कुणीतरी दुकानात ओरडलं, ते मला आजही ऐकू येतं.

मग तिथूनच मला घरी नेलंत. मी लुनावर तुमच्या मागे बसून रडत होते आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. स्वयंपाकघरात पाट मांडलात, गोळाभात वाढलात, आणि त्यावर फोडणीचं तेल ओतता ओतता शांतपणे समजावून सांगितलंत. मी खाते आहे, नाक वाहतं आहे, आणि तुम्ही पळीने हवेत टाकी काढून दाखवता आहात. "टाकीत कोण टिकते, ते टाकी ठरवते. ऊन किती, सावली किती, आधी कोण येऊन बसलं. पण टाकीपर्यंत कोण येते, ते टाकीच्या हाती नाही वं. ते आजूबाजूच्या गावाच्या हाती आहे." पुढे तीस वर्षं मी हेच शिकवलं, जाड शब्दांत आणि आकृत्या काढून. पण मला ते कळलं होतं तुमच्या गोळाभातावर.

पुढच्या वर्षी आई आजारी पडली, घर माझ्या अंगावर आलं आणि मी कॉलेजात यायची बंद झाले. कोणी मला नको म्हटलं नव्हतं, आपोआपच सुटलं. मैत्रिणी आधी विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. एका दुपारी मी गोठ्यात शेण भरत होते आणि अंगणात लुना येऊन थांबली. बाबांनी खुर्ची आणली, तुम्ही बसला नाहीत. "पोरगी उद्यापासून कॉलेजले येईन," तुम्ही बाबांना म्हणालात, "मी सोता घ्यायले आली." आईकडे पाहायला तुम्ही तुमच्या ओळखीची एक बाईसुद्धा ठरवून आला होतात. मला यंदा, या रिकाम्या टाकीपाशी उभं असताना लक्षात आलं, की मला तुम्ही हातानेच आणून टाकलं होतं. कोण येते ते पाहत बसला नव्हतात.

मग स्वतःच्या बाबतीत असं का केलंत, हे मला तुम्हाला विचारायचं आहे, आणि जरा रागानेच विचारायचं आहे. शेवटच्या आजारात तुमच्या घरापासून पाच मिनिटांवरच्या हॉस्पिटलात मी होते आणि तो मावसभाऊ. तुमचे विद्यार्थी सगळ्या विदर्भात पसरलेले. मी म्हटलं, सगळ्यांना कळवते. तुम्ही मान हलवलीत. "नको वं. ज्याले याचं तो येईन." कोणी आलं नाही. कसं येणार? गोंदियाला बसलेल्या माणसाला स्वप्न पडणार होतं का? टाकीपर्यंत कोण येतं ते टाकीच्या हाती नसतं, हे मला शिकवलंत आणि स्वतः मात्र टाकी होऊन वाट पाहत पडून राहिलात. तुम्ही गेल्यावर मला दुःख झालं, पण त्याहून जास्त तुमचा राग आला. अजून येतो.

आणि मी तरी काय वेगळं केलं! रिटायर झाल्यावर घर नीट लावलं, चांगले कप काढले, बाल्कनीत दोन खुर्च्या ठेवल्या, आणि कोण येतं ते पाहत बसले. सुरुवातीला वाटलं, माझाच स्वभाव तिखट, माझ्याकडे कोण फिरकेल. रोज स्वतःला बोल लावायची. आता वाटतं, तो अर्धाच हिशोब आहे. आमच्या गावचे लोक मोबदला घेऊन पांगले, कोणी या लेआउटमध्ये, कोणी त्या. भाऊ पुण्याला गेला. तळं बुजलं, नाला सिमेंटच्या पाइपात गेला, विहिरींवर पार्किंग झालं. इमारतीत माणसं पुष्कळ आहेत, पण लिफ्टमध्ये सगळे आपापल्या फोनमध्ये असतात आणि वर्षभरात भाडेकरू बदलतो. चतुर यायचा तर कुठून येणार? टाकीत काही खोट नाही, मॅडम. हे परवा गच्चीवर मोठ्याने म्हणाले, बरं वाटलं, आणि लगेच रडूही आलं.

दर गुरुवारी मात्र एक मुलगी येते. महापालिकेकडून डासांची पाहणी करायला घरोघर फिरते, उमरेडकडची आहे, गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॉर्च. पहिल्यांदा टाकी पाहून दचकलीच. काकू, यात तर अळ्या होऊन राहिल्या, उलटी करा म्हणाली. मी सांगितलं की मी प्राणिशास्त्राची मास्तरीण आहे, रोज सकाळी चहाच्या गाळणीने सगळ्या अळ्या काढते, एकही डास उडू देत नाही. तिला पटलं नाही. म्हणून ती दर गुरुवारी तपासायला येते. आधी दारातच उभी राहायची. मग पाणी घेऊ लागली. मागच्या गुरुवारी बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून चहा प्यायली, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलली, माझे चिवडा-लाडू खाल्ले आणि जाताना पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली. त्यात गप्पी मासे होते, जे आता शहरभर प्रत्येक हौदात आणि टाक्यात सोडतात, सगळीकडे तेच ते.

"काकू, चार सोडून देते," ती म्हणाली. "आठ दिवसांत अळ्या साफ. मग मले इथं यायचं कामच नाही पडणार."

मी तिला मोठं व्याख्यान दिलं. आपल्या हाताने काही टाकायचं नाही, माझ्या मॅडमचा नियम आहे, सगळीकडे एकच मासा सोडला तर वेगळं काही उरणार नाही, कोण येतं ते आपण पाहायचं. ती बिचारी मान डोलवत राहिली आणि थैली परत घेऊन गेली. जे बोलले ते सगळं खरं आहे, परीक्षेत लिहिलं तर पैकीच्या पैकी मार्क मिळतील.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुमच्या घराच्या जागी आता गाड्या लागतात. तुम्हाला एक सांगायचं होतं म्हणून लिहायला बसले. अळीचा डास व्हायला बरेच दिवस लागतात, तेवढं मला कळतं, कोणाला त्रास होणार नाही. आज बुधवार आहे, उद्या ती टॉर्च घेऊन तपासायला येईल. काल आणि आज मी गाळणी लावलेली नाही.