आभाळ्याचं वजन

प्रिय नाम्या,

नमस्कार घालत नाही. जिवंतपणी कधी घातला नाही, आता गेलास म्हणून एकदम मोठा झालास की काय?

गिरणीत बसून लिहितोय. वीज गेली आहे, पट्टा थांबलाय, भाताची पोती भिंतीला टेकून माझ्याकडं बघताहेत. चार दिवसांवर देवीची जत्रा आली. परवा तुझी लेक कुसुम इथं येऊन गेली आणि तिनं असं काही मागितलं की माझी झोपच उडाली. तिचं मागणं पुरं करायचं तर आधी तुझ्याशी झालेलं भांडण मिटवायला हवं. म्हणून हे पत्र.

भांडण आठवतंय ना? आभाळ्याचं सोंग एकदा देवीपुढं ठेवल्यावर ते परत अंगावर चढवायचं की नाही? मी म्हणालो, नाही. तू म्हणालास, चढवणार. तू बोलतोयस म्हटल्यावर माझं ऐकून कोण घेणार! आता मात्र तुला मध्ये बोलता येणार नाही. मी पहिल्यापासून सांगतो, तू गप ऐक.

आभाळ्या काढला आपल्या शाळेच्या मास्तरांनी. जत्रेला दरवर्षी तीच ती सोंगं बघून गाव कंटाळलं होतं, म्हणून त्यांनी नवा वीर रचला. शेतकऱ्याचा मुलगा, देवीच्या वरानं उडणारा. घाटावरून दरोडेखोर उतरतात, सगळं गाव शेतात, कुणाला पत्ता नाही. आभाळ्या उडत जातो, आंब्याला उंच टांगलेली देवीची घंटा वाजवतो आणि गाव धावून येतं. एवढंच नाटक. पण उडणारा माणूस आपल्याकडं तोवर कुणी पाहिला होता? चौक गावापासून, कर्जतपासून बैलगाड्या यायच्या.

आणि उडायचं कुणी, तर तू! तालमीत कमावलेलं अंग, त्यावर वहिनींच्या जांभळ्या लुगड्याचा शेला, पायात गमबूट. तुझ्याकडं बघून मला आधी हसू यायचं. पण तू मांडवात पाऊल टाकलंस की हसू कुठं जायचं कोण जाणे.

तू उडायचास असं लोक म्हणायचे. उडवायचो मी, हे किती जणांना माहीत होतं? विहिरीवरची कप्पी आंब्याच्या जाड फांदीला बांधलेली. दोराच्या एका टोकाला तुझ्या कमरेचा पट्टा, दुसऱ्या टोकाला भाताचं पोतं, आणि दोरावर आम्ही चौघं, पुढं मी. पोतं तुझ्यापेक्षा दोन पायल्या हलकं ठेवायचो. ते जड झालं तर तू फांदीवर आपटणार. हलकं असलं म्हणजे आम्ही ओढू तेवढाच वर जाणार. म्हणून तर दर जत्रेआधी तुला गिरणीच्या काट्यावर बसवायचो आणि तू दर वेळी काट्यालाच खोटं पाडायचास. खेळाची वेळही ठरलेली होती, दिवेलागणीच्या जरा आधी. दोर दिसू नये इतपत अंधार आणि तू दिसावास इतपत उजेड.

अकरा वर्षं चाललं हे. आणि अकरा वर्षांत तुझा हात घंटेला एकदाही लागला नाही, नाम्या. फांदी वाकायची, आमचे दंड भरून यायचे आणि घंटा हातभर वर राहायची. तू हवेत हात हलवायचास आणि मास्तर पडद्याआडून शाळेचा टोल वाजवायचे. रुळाचा तुकडा तो, घंटेसारखा कसा वाजेल? पण गावानं चालवून घेतलं होतं. टाळ्या पडायच्या.

अकराव्या वर्षी पुढं बसलेली पाटलांची म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "घंटा तं हललीच नाय." लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, पण हसले. मी वर पाहिलं. तू लोंबकळत होतास आणि तुझा हात अजून हवेतच होता.

दुसऱ्या दिवशी तू शेला, गमबूट आणि पट्टा देवीपुढं ठेवलास, नारळ फोडलास आणि आता आभाळ्या उडायचा नाही असं सगळ्यांदेखत सांगितलंस. मोहोपाड्याला कारखान्यात लागलोय, पाळ्या असतात, तालमीला वेळ कुठला, असं तुझं म्हणणं. गावाला पटलं. मला नाही पटलं. एका म्हातारीच्या एका वाक्यानं एवढा पैलवान गारद झाला होता, हे आपल्या दोघांतच राहिलं.

चार जत्रा तशाच गेल्या. नाटकं झाली, पण बैलगाड्या काही आल्या नाहीत.

मग त्या फाल्गुनात तू गिरणीत आलास. ऊन मी म्हणत होतं आणि तू अंगात स्वेटर घालून! मी विचारलं, थंडी वाजते का रं? तू म्हणालास, कारखान्यात मिळालाय, फुकटचा आहे, घालतो. मी मेल्यानं विश्वास ठेवला!

"यंदा आभाळ्या करतो मी," म्हणालास.

मी तुला किती सुनावलं त्या दिवशी! देवीपुढं ठेवलेलं परत मागायचं नसतं. आधी लोक आभाळ्याला बघायला येत होते, आता नाम्या म्हातारा झाला का ते बघायला येतील. चांगलं नाव झालंय, त्याला कशाला बट्टा लावतोस? आणि पन्नाशीला आलेला माणूस, अकरा वर्षं जमलं नाही ते आता कसं जमणार?

तू सगळं ऐकून घेतलंस. एरवी मला चार वाक्यं पुरी करू दिली नसतीस. मग एवढंच म्हणालास, "दगडू, यंदा पोचतो मी."

"कशावरनं?"

"वाटतं मला."

मला ती नुसती बढाई वाटली. मी सांगितलं की देवीचा कौल घे, तिनं हो म्हटलं तर दोर धरीन. मला वाटलं होतं देवी माझ्या बाजूची आहे. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आम्ही सगळे फुलांकडं बघत उभे, आणि तू सगळ्यांत पुढं, देवीच्या अगदी जवळ. उजवं पडलं. तू फुंकर मारलीस असा माझा तेव्हापासून वहीम आहे. खरं सांग, मारलीस ना?

मी रुसलो. तुला काट्यावर बसवलं नाही, पट्टाही बांधला नाही. जुन्या मापानं भर पोतं, असा तू निरोप धाडलास आणि मी मुकाट्यानं भरलं. आयुष्यभर लोकांचं भात मापलं रे मी, नुसतं पोतं हलवून वजन सांगणारा माणूस! आणि ज्या वर्षी तुला जोखायला हवं होतं त्याच वर्षी मी फुरंगटून बसलो. याचा पस्तावा मला मरेपर्यंत राहणार आहे.

जत्रेच्या दिवशी बैलगाड्याच काय, टेंपो भरून माणसं आली. तू मांडवात आलास तेव्हा शेल्याआड तुझं अंग कुणाला दिसलं नाही. आवाज मात्र तोच. दरोडेखोर आले, तू दोन्ही हात वर केलेस, मी पोत्याची खुंटी काढली आणि चौघांनी ओढायला पाय रोवले.

ओढायला लागलंच नाही, नाम्या!

दोर माझ्या तळहातांतून सरसर निघाला, सालटी काढत निघाला. पोतं खाली आणि तू वर. मला वाटलं फांदीवर आपटतोस, म्हणून मी मागं रेललो, टाचा मातीत घातल्या. अकरा वर्षं तुला वर ओढलं होतं आणि त्या संध्याकाळी मी तुला धरून ठेवत होतो. हाताला दोराचं वजन कळतं मला. तुझ्यातला किती माणूस नाहीसा झालाय ते मला तिथंच, घंटा वाजण्याच्या आधी कळलं.

आणि मग घंटा वाजली.

काय वाजली रे! मास्तर पडद्याआड हातोडी उगारून तसेच थांबले. तू एकदा वाजवून थांबला नाहीस, दोन्ही हातांनी घणाघणा वाजवत सुटलास. नाटकातलं गाव धावून यायचं होतं तिथं खरंच गाव उठून उभं राहिलं. दरोडेखोर झालेली पोरंसुद्धा पळायचं सोडून टाळ्या वाजवत होती. माणसं रडत होती, हसत होती, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होती. एवढा आनंद मी या गावात ना आधी पाहिला ना नंतर. मीही ओरडत होतो. हातांतून रक्त येत होतं आणि तरी मी वेड्यासारखा ओरडत होतो.

तुला हळूहळू खाली घेतलं. माझ्या गळ्यात पडलास तेव्हा हाडंच लागली मला. तू कानाशी विचारलंस, "दगडू, हलली का रं?"

मी म्हातारीकडं बोट दाखवलं. ती काठी टेकून उभी राहिली होती आणि वर बघून हात जोडत होती.

मी म्हणालो, "हलली." मग म्हणालो, "नाम्या, काय झालंय तुला?"

"आज नगं," म्हणालास. "आज जत्रा हाय."

भाताची कापणी सुरू व्हायच्या आत तू गेलास. पोटाचं दुखणं तुला माघातच कळलं होतं, हे वहिनींनी मागाहून सांगितलं. म्हणजे गिरणीत आलास तेव्हा तुला ठाऊक होतं! अंग उतरायला लागलंय हे कळल्यावर दुसरा माणूस अंथरूण धरतो. आणि तू? तू मनात म्हणालास की आता मी घंटेपर्यंत पोचेन. मला का सांगितलं नाहीस? मी दोर धरला नसता म्हणून? बरोबर आहे. नसताच धरला. आणि मग घंटा वाजली नसती. या गोष्टीवर मी तुझ्यावर किती चिडलोय आणि किती वेळा मनातल्या मनात तुला शाबासकी दिली आहे, ते तुला सांगता येत नाही.

तुझ्यामागं मीही दोर गुंडाळला आणि देवीपुढं ठेवून आलो. आता दुसऱ्या कुणाला उडवायचं नाही असं ठरवलं. दोन जत्रा झाल्या त्याला.

आणि परवा कुसुम आली. कर्जतला मास्तरणीच्या कोर्सला जाते ना ती, तिकडून आली ती थेट गिरणीत, दप्तर पोत्यावर ठेवलं आणि म्हणाली की यंदा आभाळ्या मी करणार. मुलगी! मी म्हणालो, अगं, लोक काय म्हणतील? तिनं सांगितलं की मास्तरांना विचारलंय, पाटलांकडं विचारलंय, आईनं शेला धुवून ठेवलाय, आता फक्त तुम्ही राहिलात. मग मी माझं ठेवणीतलं काढलं. दोर देवीपुढं ठेवलाय, तो परत उचलता येत नाही.

तिनं तुझ्यासारखंच ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, बाबांनी उचललं व्हतं. तुमी का नाय?"

माझंच बोलणं माझ्या गळ्यात पडलं. पाच मिनिटं मी नुसता वजनं इकडची तिकडं करत बसलो.

मग पट्टा काढला. वहिनींनी तो माझ्याकडं दिला होता. त्यात तू खिळ्यानं पाडलेली चार नवी भोकं आहेत, एकापुढं एक, दर आठवड्याला एक पाडलं असशील. मला ती बघवत नाहीत. पण परवा मी तो पट्टा पोरीच्या कमरेला बांधला आणि आकडा तुझ्या शेवटच्या भोकात जाऊन बसला. घट्ट नाही, सैल नाही. मी तिच्याकडं पाठ केली आणि पट्ट्याला तेल लावायला हवं असं काहीतरी बोललो.

आज सकाळी कौल झाला. गुरवानं फुलं लावली. बराच वेळ दोन्ही फुलं जागची हलेनात. मी सगळ्यांत पुढं उभा होतो, देवीच्या अगदी जवळ.

मी फुंकर मारली, नाम्या.

उजवं पडलं. देवीनं तुझी खपवून घेतली होती, माझीही घेईल. सोंग परत उचलावं की नाही, हे तिला विचारायचंच नसतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. तुझं बरोबर होतं. घे, लिहून दिलं.

आता माझा शब्द ऐक. यंदा मी रुसणार नाही. कुसुमला काट्यावर मी बसवीन, पोतं माझ्या हातानं भरीन, दोन पायल्या कमी. पट्टा मी बांधीन आणि दोरावर पुढं मी असेन. मास्तरांना सांगून टाकलंय, हातोडी घरी ठेवून या. आणि पोरगी वर पोचली की तुला विचारत बसावं लागणार नाही. भर मांडवातून आंब्याकडं बघून मीच ओरडून सांगेन, नाम्या, हलली रं!

तुला उडवणारा,
दगडू