रविवारची मुलींची बॅच

सर, गेल्या बुधवारी मी मुलींची बॅच बंद केली. तुम्ही सुरू केलेली, रविवार सकाळची. म्हणजे ठरवलं कमिटीने, मी फक्त मेसेज लिहिला. तुमच्या फुटबॉल क्लबचं कम्युनिकेशन आता मी बघते. शब्द भारी आहे, काम तेच, फळ्याचं. पोस्टर, मॅचचे निकाल, वाढदिवस, श्रद्धांजल्या, सगळं मोबाइलवरून. लिहिताना काहीच वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मेसेज टाकला आणि भेंडी चिरायला बसले.

तो फळा तुमच्या राई गावातल्या मैदानाच्या फाटकाला तारेने बांधलेला असायचा. मी बारा वर्षांची, आम्ही नुकतेच गिरगावातून मीरा रोडला राहायला आलेलो, आणि मला खेळायचं होतं. मुलीला कोण घेणार? तुम्ही हातात खडू दिलात. "अक्षर बरा हाय तुजा. लिव." पहिल्याच मॅचला आपण सहा गोल खाल्ले, केला एकही नाही, आणि मी लिहिलं, 'आपल्या संघाची झुंजार लढत'. तुम्ही ते वाचलंत आणि सगळ्यांसमोर पंजाने पुसून टाकलंत. "किती गोल खाल्लं त्या कुटं हाय? हारलो तं हारलो लिव. वाचनाऱ्याला कलला पायजे." माझे कान लालेलाल. असा राग आला होता तुमचा! रडत रडत लिहिलं, शून्य-सहा, हरलो. लोक थांबून वाचतायत आणि तुम्ही शेजारी उभे, खडूने माखलेला हात तसाच. पुढच्या रविवारी तुम्ही मला बूट दिलेत, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून घालायचे. पाच मुली जमव, बॅच सुरू करू, म्हणालात. चारच जमलो, तर पाचवी मिळेपर्यंत तुम्हीच गोलमध्ये उभे राहिलात.

आता सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, रविवारचा स्लॉट कंपन्यांच्या टुर्नामेंटला दिलाय. मुलींचं जरा गोड करून लिहा, निगेटिव्ह नको." गोड करून लिहिणं मला छान जमतं हो. 'आपल्या उत्साही मुलींच्या बॅचला एक छोटासा विराम! नव्या जोमाने लवकरच भेटू.' खाली बॉलचं चित्र. आयांचे अंगठे आले धडाधड. मला वाटलं, झालं, सुटले. आज सकाळी वॉचमनचा फोन. "मैडम, लड़कियाँ आ गई हैं. अंदर छोड़ूँ क्या?" मी म्हटलं, आप ही बोल दो ना. "मैं क्या बोलूँ?" त्याचं तरी काय चुकलं? रिक्षा करून गेले. नऊ जणी बूट घालून फाटकाशी उभ्या, आत कंपनीवाले उड्या मारतायत. "छोटासा म्हणजे तीन-चार दिवसच ना, ताई?" एकीने विचारलं. मी म्हटलं, "बॅच बंद झालीय. पुन्हा सुरू नाही होणार." त्यांची गोलकीपर म्हणाली, "मग तसं लिहायचं ना, ताई. आम्ही आलोच नसतो." रागावलीसुद्धा नाही ती. सगळ्या रिक्षा स्टँडकडे निघाल्या. बुटांचे स्टड सिमेंटवर वाजत होते, बराच वेळ ऐकू येत होते.

तेव्हाही मला काही वाटलं नाही. घरी येऊन चहा केला, तो तसाच निवला. मग तुमची श्रद्धांजली आठवली. तीही मीच लिहिली होती, अकरा वर्षांपूर्वी, मोबाइलवरचं माझं पहिलं काम. 'अल्पशा आजाराने निधन.' सगळे तसंच लिहितात. पण तुम्ही दोन वर्षं अंथरुणाला होतात, राईतच, माझ्या घरापासून शेअर रिक्षाने वीस मिनिटांवर. खरं लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग भेटायला कोण कोण गेलं होतं? सेक्रेटरींनी तेव्हा काही सांगितलं नव्हतं, गोड मी आपणहून केलं. हा कागद कुठे पाठवायचा नाहीये, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवीन. पण तुम्हाला कळेल असं एकदा लिहिते. सर, मी एकदाही आले नाही.