मांदेली ही फी नव्हे

एकोणतीस वर्षांच्या धडधाकट बाईने मृत्युपत्र का लिहावं? आई कालपासून विचारते आहे. तरी लिहिते.

मी, डॉ. निशिगंधा काशीराम मांडवकर, राहणार लांजा, आमच्या घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. शुद्धीवर असल्याचा दाखला मला स्वतःला देता येत नाही, म्हणून तो डॉ. ऋजुता आगाशे यांनी दिला आहे.

१. वडिलांनी माझ्या नावे घेतलेली काजूची बाग आई सखू हिला. माझ्यावर ग्राहक मंचात दावा झाला तेव्हा भागोजीकाका म्हणाले, "बाग तुज्या भावाच्या नावावर कर, नायतर फुकटच्या डाक्टरकीपायी जायची." मी केली नाही. बाग शाबूत आहे.

२. काकांना निकालाची प्रत. ज्या देवळात त्यांनी मला चारचौघांत वेडी ठरवलं, तिथेच ती मोठ्याने वाचावी.

दावा असा होता. ऋजुता आणि मी पूर्णगडला दर रविवारी मोफत दवाखाना चालवतो. माझ्या गोळीने तिथले एक पेशंट, आत्माराम, यांच्या अंगावर गांधी उठल्या. मी लगेच इंजेक्शन देऊन त्यांना इस्पितळात नेलं, ते बरे झाले, आणि मग भरपाई मागू लागले. सेवा सर्वांना मोफत असेल तर ग्राहक कायदा लागत नाही. म्हणून त्यांच्या वकिलांनी मुद्दा काढला, की पेशंट मासळी देतात, तीच फी.

साक्षीला मासे विकणाऱ्या यमुनाबाई उभ्या राहिल्या. "फी कसली ओ साहेब? दारात आल्याला मानूस रिकाम्या हातानं धाडू काय? फी असती तर बारक्या मांदेलीवर भागवलं असतं? सुरमई दिली असती! तुमी या पूर्णगडात, तुमाला पन देईन."

मंचाचे अध्यक्षसुद्धा हसले. मासळी ही फी नव्हे, आणि उपचारात हयगयही नव्हती, असा निकाल झाला.

३. यमुनाबाईंना माझी पदवीदानाची साडी. ती पदवी त्यांनी राखली.

४. आत्माराम यांना काही नाही. मात्र त्यांचा रक्तदाब दवाखान्यात तपासला जावा. रांगेतच, कोणाच्या पुढे नाही आणि मागेही ढकलून नाही.

५. दाव्यानंतर ऋजुता यायची थांबली. "निशी, मला दोन मुलं आहेत गं. पुढच्या वेळी यमुनाबाई नसतील." तिचं बरोबर होतं. हयगयीला माफी मी मागत नाही, पण सेवा करणाऱ्याचं घर भीतीवर टांगलेलं नसावं. मी दोघींचा व्यावसायिक जबाबदारीचा विमा उतरवला आहे. त्याचा हप्ता आईने काजूच्या उत्पन्नातून भरत राहावा. जी बाग जाणार होती, तीच आता दवाखाना राखेल.

६. दवाखान्याची दुसरी किल्ली माझ्या पश्चात ऋजुताला, असं लिहिणार होते. पण तेवढ्यासाठी तिने माझ्या मरणाची वाट का बघावी? काल रविवारी ती तिच्या हातात दिली. दार तिनेच उघडलं.

सही: निशिगंधा काशीराम मांडवकर

आमच्या समोर सही झाली:
शार्दूल दत्तात्रेय केळकर, वकील
गंगुबाई भागोजी मांडवकर, काकू (काकांना न विचारता)

रत्नागिरी, सोमवार, १९ जानेवारी २००४