वाडीतली वीस पावलं

पालघर,
बुधवार, १५ नोव्हेंबर १९८९

तीर्थरूप भाऊ यांचे सेवेशी,

धाकटी बहीण वत्सला हिचा शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष भेटीत तो घालता येईल असं नाही. सध्या खाली वाकलं की वर येताना कमरेची परवानगी काढावी लागते, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुमचा रक्तदाब कसा आहे? चंद्रकांता वहिनींचे गुडघे थंडीत फार धरत नाहीत ना? मी बरी आहे. डाव्या हाताची करंगळी, उजवी नडगी आणि पाठीचा मधला भाग वगळता अगदी खडखडीत आहे.

तुमचं पत्र सोमवारी पोचलं. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिल्या दीड पानात, मी सत्तेचाळिसाव्या वर्षी बोईसरला जाऊन परक्या पुरुषांवर लाथा झाडते हे खरं का, आणि लोक काय म्हणतील, असं विचारलं आहे. शेवटच्या चार ओळींत, येत्या रविवारी तुम्ही हक्कसोडपत्र आणि दोन साक्षीदार घेऊन येताय, तेव्हा केळव्याच्या वाडीतला माझा हिस्सा तुमच्या नावे सोडल्याची सही करायला मी घरी असावं, 'नुसता उपचार आहे', असं आहे. सोबत मसुदाही आहे. दीड पानांचा प्रश्न मोठा दिसतो, म्हणून आधी त्याचं उत्तर देते. चार ओळींचं पुढे बघू.

हे मी हौसेने केलेलं नाही. जुलैत वरून परिपत्रक आलं की शाळेने एक शिक्षक कराटे शिकायला पाठवावा आणि त्याने परत येऊन मुलींना स्वसंरक्षण शिकवावं. हेडमास्तरांनी मीटिंग बोलावली. परिपत्रक वाचून होईपर्यंत आमच्या चारही पुरुष शिक्षकांची प्रकृती ढासळली. एकाला हर्निया होता, एकाच्या मणक्यात गॅप होती, एकाच्या पत्रिकेत दिवाळीपर्यंत शस्त्रघात होता. (कराट्यात शस्त्र नसतं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, तेच तर, आपल्याकडे नसतं, समोरच्याकडे असलं तर?) नामदेव गुरुजी रोज मधल्या सुट्टीत टेबलावर कोपर टेकवून सगळ्यांचे पंजे पाडतात. त्यांचा नेमका त्याच दिवशी उजवा गुडघा धरला, आणि चहा येईपर्यंत डावा. उरलो मी आणि शाळेची घंटा. घंटेला प्रवासभत्ता देता येत नाही, म्हणून माझं नाव गेलं.

वर्ग कामगार वसाहतीच्या हॉलमध्ये, मंगळवारी आणि शुक्रवारी, पहिली पाळी सुटल्यावर. पांढरा वेश सक्तीचा. पालघरात तो शिवणारं कोणी नाही. दामू शिंप्याला मासिकातलं चित्र दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हा तर आमच्या बाबाचा बंडी-लेंगा हाय." शिवलाही त्याने बाबाचाच. बंडीला पेन अडकवायचा खिसा, लेंग्याला बोटभर जाड नाडी, आणि कंबरेला दोन माणसं मावतील एवढी जागा, वय वाढतं म्हणून. तो घालून रस्त्याने जायची माझी छाती होईना. मी त्यावर साडी नेसायची आणि बोईसरच्या शटलगाडीत बसायची. उमरोळीला चढणाऱ्या एक ओळखीच्या बाई तीन आठवडे मला निरखत होत्या. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की अशी सूज अंगावर काढू नये, रक्त तपासून घ्या.

शिकवणारा कोण, तर विश्राम तांडेल, सातपाटीचा. मी नोकरीला लागले त्या वर्षी तो माझ्या हाताखाली चौथीत होता. सतराचा पाढा येत नाही म्हणून त्याला मी अख्खा पावसाळा अंगठे धरून उभा केला होता. आता तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर आहे आणि संध्याकाळी काळा पट्टा बांधून अठरा जणांचा घाम काढतो. नियम असा की आत येताच शिष्याने गुरूला वाकून वंदन करायचं. मी वाकले. त्याच क्षणी गुरूने आपल्या बाई ओळखल्या आणि पाया पडायला तोही वाकला. आमची डोकी अशी आपटली की हॉलच्या दारातला कुत्रा उठून गेला. माझी कराट्यातली पहिली दुखापत ही अशी आदरातून झाली. तेव्हापासून आम्ही क्रम ठरवून घेतला आहे. आधी तो माझ्या पाया पडतो, मग मी त्याला वंदन करते, मग तो मला म्हणतो, "बाई, खाली वाका. अंगठे धरा." पहिल्या दिवशी चार मिनिटं झाली तरी सोडेना, तेव्हा मी खालूनच विचारलं, ही शिक्षा आहे की व्यायाम. म्हणाला, "बाई, तवा तुमीच सांगत होत्या, दोनी येकच हाय."

पुढची अडचण ओरडण्याची. प्रत्येक ठोशाबरोबर पोटातून ओरडायचं असतं. माझा आवाज शाळेत दोन वर्ग पलीकडे जातो, पण तो मुलांसाठी. स्वतःसाठी ओरडायचं म्हटल्यावर घशातून नुसती उचकी येई. (आपल्या घरात ओरडायचं खातं वडील या नात्याने नानांकडे होतं, त्यांच्यामागे तुमच्याकडे आलं. मला सराव कुठला?) पंधरा दिवसांनी विश्राम कंटाळून म्हणाला, "बाई, पोटातून जा येल ता वरडा. लाजू नका." मी डोळे मिटले, ठोसा मारला, आणि पोटात बावीस वर्षं जे साठलं होतं तेच बाहेर आलं, "गप्प बसा!" डोळे उघडून बघते तर सगळा हॉल खाली बसलेला. बॉयलरवाले बसले, पॅकिंगवाल्या बसल्या, बिहारचा एक वेल्डर, ज्याला मराठीचं अक्षर कळत नाही, तोही मांडी घालून बसला. विश्रामची तर हाताची घडी आणि तोंडावर बोट. त्यानंतर माझं ओरडणं बदलायच्या भानगडीत तो पडला नाही.

कौल फोडायच्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. हॉलच्या कोपऱ्यात दोन डझन मंगलोरी कौलं रचलेली, नवी कोरी, लालबुंद. भाऊ, आमच्या तिसरीच्या वर्गावरची अकरा कौलं गेली आहेत. तीन पावसाळे मी अर्ज करते आहे आणि तीन पावसाळे उत्तर येतं आहे की तरतूद नाही. आणि इथे फोडायला तरतूद आहे! मी विश्रामला म्हटलं, माझ्या वाटची मी फोडली असं समज आणि ती मला शाळेत नेऊ दे. त्याने दिली नाहीत. मग मी असा हात मारला की कौल तर फुटलंच, खालची वीटही हलली आणि करंगळी वांग्यासारखी झाली. वेल्डर म्हणाला, "मौसी, खपरे से दुश्मनी है क्या?" सगळे हसले. मीही हसले, पण मनापासून नाही.

आता वाडीकडे येते, कारण तुमचा कागद तिथूनच निघाला आहे. कराट्यात काता म्हणून एक प्रकार असतो. समोर कोणी नसताना ठरलेली पावलं टाकत, वळत, मनातल्या माणसांशी लढायचं. माझ्या कातेची पावलं वीस. पालघरच्या माझ्या खोलीत सातव्या पावलाला मोरी लागते. म्हणून सप्टेंबरपासून मी शनिवारी दुपारी केळव्याला जाऊन नानांच्या वाडीत, सुपारीच्या दोन ओळींमधल्या सपाट जागेत सराव करू लागले. (नाना अंथरुणावर होते ती पाच वर्षं मी शाळा सुटली की तिथेच जायची, तेव्हा जमीन कुठे सपाट आहे ते मला पाठ आहे. तुम्ही दिवाळीला यायचात ते ओटीवरच बसायचात.) एकदा राखणदार भिका शिंपणं सोडून बघत उभा राहिला. त्याने काय पाहिलं असेल? बाई पदर खोचून वाडीच्या एका टोकापासून लांब लांब ढांगा टाकत येते, तोंडाने आकडे मोजते, मध्येच थांबून एखाद्या पोफळीकडे हात करते आणि गर्रकन वळते. त्याने विचारलं, "ताई, किती पावलां झाली?" मी खरं ते सांगितलं, की वीस, आता तिकडून वळून पुन्हा मोजायची. भिका इमानी माणूस. इमान तुमच्याशी, कारण पगार तुमचा. त्याने त्याच आठवड्यात कोणाकडून तरी तुम्हाला कार्ड लिहवून घेतलं की ताईंनी वाडी मोजायला घेतली आहे. हे मला गेल्या शनिवारी त्यानेच अभिमानाने सांगितलं, आणि वर विचारलं, "ताई, तुमची बाजू विहिरीची का?"

मग मला एकेक उमगत गेलं. दहा वर्षं भाऊबीजेला वायलची साडी देणारे माझे भाऊ यंदा पैठणी घेऊन का आले. वहिनींनी निघताना माझा हात हातात घेऊन, "वन्सं, आता एकट्या राहू नका, आमच्याकडेच या," असं का म्हटलं. (त्यांची कामवाली त्याच आठवड्यात सोडून गेली होती हे खरं, पण ते असो.) विहिरीकडच्या माडांवर चुन्याच्या खुणा का झाल्या, आणि शनिवार-रविवारच्या मुंबईकरांसाठी तिथे सहा खोल्या होणार हे सगळ्या केळव्याला माहीत असताना मलाच का नव्हतं.

भाऊ, खरं सांगते, नाना गेल्याला दोन वर्षं झाली, पण त्या वाडीत माझा हिस्सा आहे हे माझ्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. वाडी तुमची, मी साडीचोळीची धनीण, असंच मी धरून चालले होते. पण तुमच्या मसुद्यात लिहिलं आहे, 'माझा निम्मा हिस्सा मी राजीखुशीने सोडत आहे.' मी मास्तरीण आहे, वाक्याचा अर्थ काढल्याशिवाय पान उलटत नाही. तीनदा वाचलं. जे माझं नाहीच ते सोडायला माझी सही कशाला लागते? म्हणजे माझं होतं. ही माहिती मला नानांनी दिली नाही, वकिलाने दिली नाही, तुम्ही दिलीत. अकरा वर्षांनी मी निवृत्त होईन तेव्हा मला जावंसं वाटेल अशी ती एकच जागा आहे. हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते. मसुदा वाचताना रडू आलं तेव्हा माझं मलाच कळलं.

राहता राहिला परीक्षेचा निकाल. गेल्या शुक्रवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा झाली. कातेची वीसही पावलं बिनचूक पडली. मग लढत. समोर सुगंधा, पॅकिंगमध्ये काम करणारी चोवीस वर्षांची पोर. माझा ठोसा तिच्या खांद्यावर नेमका बसला, गुण द्यायला विश्रामचा हात वर गेला, आणि मी, "अगं बाई, लागलं का गं? चुकलंच माझं," म्हणत तिचा खांदा चोळायला धावले. तिने मला नियमाप्रमाणे आडवं केलं. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत तर मी पिशवीतून बाम काढायला निघाले होते. अठरा जणांत नापास मी एकटी. विश्राम आधी माझ्या पाया पडला, मग म्हणाला, "बाई, हात तुमचा चांगला हाय. पाय बी रोवून हाय. पन तुमी मारल्यावर माफी मागता. ती सवय बरी नाय."

परत येताना शटलमध्ये मी तेच आठवत बसले होते. नानांच्या तेराव्याला वहिनींनी कपाटातून आईच्या पाटल्या काढून पिशवीत टाकल्या, तेव्हा कपाटाचं दार जरा अडकतं म्हणून मीच त्यांची माफी मागितली होती.

असो. पत्र लांबलं. माझ्या पत्राच्या शेवटी 'कमीजास्त लिहिलं असल्यास लहान समजून क्षमा करावी' असं एक वाक्य असतं. या वेळी ते नाही. विसरले नाही, गाळलं आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे, आतापासून सराव हवा. वहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी बहीण,
वत्सला

ता.क. कागदाचं लिहायचं राहूनच गेलं. सही करणार नाही.

ता.क. दुसरा. पैठणी परत पाठवत नाही. ती भाऊबीजेची आहे, आणि रंग मला खुलतो असं सुगंधा म्हणाली.

ता.क. तिसरा. म्हणून रविवारी यायचं मात्र रद्द करू नका. साक्षीदारांनाही आणाच. काल मी तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला. नानांची मुलं दोन, आत्माराम आणि वत्सला, एवढं लिहून खाली सही करतील अशी दोन माणसं आणा, म्हणाले. एकटी बाई अशी दोन माणसं कुठून आणणार, याची रात्रभर काळजी होती. ती तुम्ही मिटवलीत.