सात सेंटीमीटरचा व्रण आणि आखूड होत चाललेला डावा पाय यांबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
रुग्ण तक्रार निवारण समिती,
सार्वजनिक अस्थिरोग रुग्णालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया मोठा छेद घेऊन पुन्हा करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ३ ऑगस्टचे पत्र, शेरा "तक्रार निकाली".

महोदय,

मी एकतीस वर्षे पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवले. निवृत्तीनंतरही गल्लीतली नऊ मुले माझ्या घरी अभ्यासाला येतात. अवघड धडा सुरू करण्याआधी मी मुलांना कल्पना करायला सांगते. आपण वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढेच असाल, म्हणून आपणासही सांगते.

१. कल्पना करा, एका खोलीत टेबल आहे. त्याचा एक पाय किडला आहे, तो बदलायचा आहे. दार सताड उघडायचे तर दारामागचे सगळे सामान हलवावे लागते. चांगला सुतार दार वीतभर उघडतो, हात आत घालतो आणि सामानाला धक्का न लावता पाय बदलतो. खुब्याचा सांधा लहान छेदातून बदलणे म्हणजे हेच. स्नायू कापायचे नाहीत, बाजूला सारायचे. रक्त कमी जाते, माणूस दुसऱ्या दिवशी उभा राहतो. या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या शिंपीणबाई दीड महिन्यात मशीनवर बसल्या. मुले मात्र हा धडा ऐकून एकच प्रश्न विचारतात : आत नीट दिसले नाही तर? त्याचे उत्तर सोपे आहे. सुतार दार आणखी थोडे उघडतो.

२. दि. ९ जानेवारी रोजी माझी शस्त्रक्रिया झाली. भूल कमरेखाली दिली होती, त्यामुळे मी जागी होते. शेजारच्या खोलीत पाहुणे डॉक्टर पडद्यावर शस्त्रक्रिया पाहत होते. मांडीच्या हाडात नव्या सांध्याची धातूची खुंटी ठोकताना वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. सहायक डॉक्टर म्हणाले, "सर, हाडाला चीर गेलीय वाटतं. छेद थोडा वाढवून बघूया का? एक तार बांधली की झालं." शल्यचिकित्सक म्हणाले, "पाहुण्यांना सात सांगितलंय. सात म्हणजे सात." मग ते पडद्याआडून माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "आजी, जावईसुद्धा विचारणार नाही कुठं कापलं म्हणून." मला जावई नाही. शिलाई झाल्यावर मोजपट्टी लावून व्रण मोजला गेला. सात भरला. टाळ्या मलाही ऐकू आल्या.

३. चीर गेलेल्या हाडात खुंटी घट्ट बसत नाही. अंगाचा भार पडला की ती खाली सरकते, आणि जितकी ती सरकते तितका पाय आखूड होतो. हे मला त्याच सहायक डॉक्टरांनी जिन्यात, मागे-पुढे पाहून सांगितले. रुग्णालयातला एक्स-रे तिसऱ्या दिवशीचा आहे. तेव्हा मी एक पाऊलही टाकले नव्हते. नवीन एक्स-रेसाठी शल्यचिकित्सकांची चिठ्ठी लागते. माझ्या केसपेपरवर त्यांनी "परिणाम उत्कृष्ट" असे लिहिले असल्याने चिठ्ठी देण्याचे कारण उरत नाही, असे खिडकीवरच्या कारकुनाने सांगितले. बाहेरून काढलेला एक्स-रे समिती ग्राह्य धरत नाही. मला उठता-बसता कळ येते; ती ग्राह्य धरण्याबाबत नियम नाही.

४. दि. ५ एप्रिल रोजी मला शिकाऊ डॉक्टरांपुढे ठेवण्यात आले. अंगावर हिरवे कापड टाकले होते आणि त्याला व्रणापुरती खिडकी कापली होती. एका मुलीने विचारले, "आजींना थोडं चालवून बघायचं का?" शल्यचिकित्सक म्हणाले, "आज आपला विषय व्रण आहे." माझ्यासोबत आधाराला शेजाऱ्यांची आठ वर्षांची नात आली होती. ती माझी विद्यार्थिनी. इतरांच्या वह्यांतल्या चुका काढते म्हणून मुले तिला तपासणीस म्हणतात. तिने बोट वर केले आणि म्हणाली, "बाईंचा एक पाय छोटा झालाय." सगळे हसले. शल्यचिकित्सक तिला दाराबाहेर घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी तिच्या हातात टेप दिली. "मोज तू. लहान मुलं खोटं बोलत नाहीत." तिने कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले, मी शिकवले तसे प्रत्येकी दोनदा, आणि खाली बघून म्हणाली, "सारखे."

आपल्या पत्रातील मुद्दा क्र. २, "त्रयस्थ व्यक्तीने केलेल्या मोजणीत दोन्ही पाय समान आढळले", तो हा.

दाराबाहेर काय झाले ते तिने मला घरी आल्यावर सांगितले. शल्यचिकित्सकांनी दोन्ही हात पसरून तिला दाखवले होते, "पाय सारखे भरले नाहीत, तर तुझ्या बाईंना पुन्हा एवढं कापावं लागेल." तिने मला वाचवले होते.

५. दुसऱ्या दिवशी तिने माझी डावी चप्पल मागून नेली आणि खाली वहीचे पुठ्ठे चिकटवून आणली. "घालून बघा ना, बाई." मी घातली. चालणे खरोखर सरळ झाले. पुढेही अधूनमधून ती मला चटईवर पाय पसरून बसवायची, टाचांशी पट्टी धरायची आणि चप्पल घेऊन जायची. मुलीचा खेळ म्हणून मी बसत असे. दि. २२ जुलैच्या सुनावणीला मी तीच चप्पल घालून आले, कारण ती मुलगी माझ्या दारात उभी राहून बघत होती. "अर्जदार समतोल चालीने कक्षात आल्या" हा आपल्या पत्रातील मुद्दा क्र. ३. मुद्दा क्र. १ व्रणाच्या लांबीचा आहे, त्याबद्दल वाद नाही.

६. सबब विनंती की, शल्यचिकित्सकांनी त्या मुलीला ज्याची भीती घातली, तेच माझे करावे. हवा तेवढा मोठा छेद घ्यावा, खुंटी काढावी, हाडाला तार बांधावी. खुंटी फार खाली सरकण्याआधीच हाड दुरुस्त होऊ शकते, असे सहायक डॉक्टरांचे म्हणणे आहे. त्यांची बदली झाल्याने लेखी मिळू शकत नाही. शस्त्रक्रिया करणारे हात दुसरे असावेत. मुलीला खोटेपणाबद्दल कोणी बोलू नये. तिच्याकडून ते वदवून घेणाऱ्यांच्या केसपेपरवर काय लिहायचे, ते समितीने ठरवावे.

७. आपले पत्र आले तेव्हा मुलांचा अभ्यास चालू होता. "काय आलं, बाई?" असे तिने विचारले, म्हणून मी ते वाचून दाखवले. मुलांपासून मी कागद लपवत नाही. दुसरा आणि तिसरा मुद्दा तिने ऐकून घेतला. मग ती उठली आणि माझी चप्पल मांडीवर घेऊन बसली. पट्टीच्या कडेने तिने पुठ्ठ्याचा एकेक थर सोडवला. प्रत्येक थरावर, वहीच्या पानावर घालतात तशी, तारीख होती. सहा थरांवर ६ एप्रिल, १५ मिलीमीटर. दोन थरांवर ८ जून, २०. एकावर २ ऑगस्ट, २३. रुग्णालयात जो आकडा तिने सांगितला नाही, तो तिने दुसऱ्या दिवशीच लिहून ठेवला होता. नऊही तुकडे तिने तारखांप्रमाणे लावून माझ्या हातात दिले, नुसती चप्पल माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "बाई, आता तिथं नीट लंगडत जा. त्यांना दिसू दे."

त्याप्रमाणे हा अर्ज घेऊन मी स्वतः जिना चढून येत आहे.

आपली नम्र,
(सही)
निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
पूर्वीची खाट क्र. ११
दि. ११ ऑगस्ट

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. पुठ्ठ्याचे तुकडे, नऊ, तारखांसह. (मूळ आहेत. मोजून घ्यावेत.)