मास्तरीणबाईंची छत्री

ता. १९ जुलै

प्रिय धाकट्या,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण गिऱ्हाइकांपेक्षा कमी. हल्ली लोक छत्री दुरुस्त करत नाहीत, नवीच घेतात. तरी माझ्यासारखी चार-दोन जुनी खोडं दुकानात येतात.

परवा तुझ्या नातीचा फोन आला. म्हणाली, "मोठे आजोबा, आमच्या आजोबांनी म्हणे बॉल मारून कुणाची तरी छत्री मोडली होती? सांगताना काय हसतात!" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून घास गोड लागत नाही, म्हणून हे पत्र.

आठवतं ना? जोराची सर आली की बाबा डुलक्या घ्यायचे आणि आपण मागच्या दाराने मैदानात. दुरुस्त झालेल्या चार छत्र्या चिखलात रोवल्या की दोन गोल तयार! बेकरीवाला पिठाच्या हातांनी यायचा, पाच मिनिटांत त्याची कणीक व्हायची. न्हावी अर्धी दाढी टाकून पळत यायचा. एकदा तर ते गिऱ्हाईकच तोंडावरच्या फेसासकट खेळायला उतरलं. बॉल डबक्यात रुतला की सगळे त्याच्यावर, आणि कुठला पाय कुणाचा हे हसू थांबेपर्यंत कळायचं नाही. इतकं सुख मला पुढे कशातच मिळालं नाही रे.

त्या दिवशी पास तू दिलास. मारला मी. गोलाला रोवलेल्या मास्तरीणबाईंच्या छत्रीचा दांडा काडकन मोडला.

बाबांनी ती छत्री टेबलावर ठेवली. "कुणाचा हा पराक्रम?" मी तोंडात मिठाची गुळणी धरली. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालास, "माझा." बाबांनी कापड कापायची कातर उचलली आणि तुझे खेळायचे बूट उभे चिरले. चोर सोडून संन्याशाला फाशी. रविवारी शहराच्या संघाची निवड होती.

आजवर मी स्वतःची समजूत घालत आलो, की मी बाबांना घाबरलो. पण धाकट्या, माझे बूट तुझ्याच मापाचे होते. खाटेखालीच होते. रविवारी सकाळी तू अनवाणी दारात उभा होतास, बाहेर धो धो पाऊस होता. तू मागितले नाहीस, मी दिले नाहीत. तिथे बाबा कुठे होते? तू संघात गेलास तर त्या दुकानात मी एकटा उरणार, मला पास कोण देणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तू गेलासच, पण संघात नाही. दोन महिन्यांत गॅरेजात नोकरी धरलीस ती परगावी. मी एकटा उरायचा तो उरलोच, आणि तुझं खेळणं तेवढं राहून गेलं.

हे पत्र नातीला वाचायला दे. तू सांगू नकोस, तू पुन्हा हसून माझ्यावर पांघरूण घालशील.

आणि पाऊस आहे तोवर ये. अर्धं मैदान गाड्यांनी गिळलंय, अर्धं अजून आहे. न्हावी काठी टेकत येतो म्हणालाय. गोलात मी उभा राहतो, तू मार. चार छत्र्या काढून ठेवल्यात, माझ्या स्वतःच्या. मोडली एखादी, तर "कुणाचा पराक्रम" हे विचारायला आता कुणी नाही. तरी या वेळी मी मोठ्याने म्हणेन, "माझा."

खाटेखाली बूट ठेवणारा,
तुझा दादा