तीन नंबरची खिडकी

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

नमस्कार. पत्रास कारण की... एवढं लिहून दहा मिनिटं पेन चावत बसलो होतो. ही म्हणाली, "अहो, मित्राला लिहिताय की कोर्टाला?" म्हटलं, थोडं थोडं दोघांनाही.

अकरा वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी खुशाली. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. मुलगी तिच्या घरी सुखात आहे. नात शाळेत जायला लागली आणि आजोबांना गणित येत नाही असं तिनं सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. तुझ्या घरी सगळे बरे असतील.

आता हसू नकोस. मला टोल बुडवल्याबद्दल दंड झालाय. मला! बावीस वर्षं त्याच नाक्यावर टोल घेतला, सुट्ट्या पैशांवरून अख्ख्या जगाच्या शिव्या खाल्ल्या, त्यापायीच तू माझं नाव चिल्लर पाडलंस, आणि म्हातारपणी हे निघालं नशिबात.

झालं असं, गेल्या महिन्यात त्या बाजूला काम होतं म्हणून गाडी काढली. नाक्यावर आता माणूस नाही. बूथ आहेत, पण काचांवर धुळीचा थर, वर नुसते कॅमेरे. दांडासुद्धा काढून टाकलाय. तुला आठवतं ना, आपल्याच नाक्यावरून जाताना आपण कधी थांबायचो नाही? हात वर करायचा, की तू खिडकीतून ओरडायचास, "जाऊ द्या साहेबांना!" ते पार शेवटच्या लेनमध्ये ऐकू जायचं. तर मी आपला सवयीनं तुझ्या तीन नंबरच्या लेनमध्ये शिरलो आणि हात वर केला. खिडकीत कुणी नाही हे हात वर गेल्यावर लक्षात आलं.

नोटिशीबरोबर फोटो आलाय. हात वर, दात बाहेर. ही म्हणाली, "चोरी करताना हात हलवणारा चोर पहिल्यांदाच बघतेय."

निवृत्त माणसांना त्या नाक्यावर जन्मभर टोल माफ, असं पत्र निघालं होतं. म्हणून अपील केलं. पण नव्या कंपनीच्या यादीत माझं नावच नाही. जुनी रजिस्टरं ऑफिस हलवताना गहाळ झाली म्हणे. अपील ऑफिसातल्या बाई भल्या आहेत. म्हणाल्या, "काका, तुम्ही तिथं बसत होता हे सांगणारं कुणी आहे का? तुमच्याच शिफ्टमधलं? पंचवीस तारखेच्या आत लेखी हवं." उंच्या तर वारला. मास्तर मुलाकडे असतो, त्याला स्वतःचं नाव आठवलं तरी घरात आनंद होतो. राहिलास तू.

दंडाचं काही नाही रे, भरून टाकीन. पण बावीस वर्षं मी त्या खिडकीत बसलोच नव्हतो असं कुणी म्हणावं, हे काही केल्या पचत नाही.

आपलं शेवटचं बोलणं नीट झालं नाही, ते मला ठाऊक आहे. तो चौकशीचा विषय आता कशाला उगाळायचा! साहेबासमोर माणूस गांगरतो, दोन शब्द इकडचे तिकडे होतात. जाऊ दे.

फॉर्म जोडलाय. तिकीट लावलेलं पाकीटही आहे. फक्त सही कर.

तुझा,
चिल्लर


दि. १७ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

पाकीट मिळालं. दारातच फोडलं. चिठ्ठी नव्हती, नुसता फॉर्म. खाली 'शेरा' म्हणून दोन ओळी असतात, त्या कुणी भरत नाही. तू भरल्यास. "मी होतो तोवर पंधरा वर्षं हे माझ्या शेजारच्या खिडकीत होते. गरज पडली तेव्हा माझ्या खिडकीतही बसले."

दुसरं वाक्य वाचलं आणि तिथंच चपलांच्या कपाटावर टेकलो. ही आतून धावत आली. "सही नाही केली का भावजींनी?"

"केली."

"मग झालं काय?"

काय सांगणार होतो? अकरा वर्षांत तिलाही सांगितलेलं नाही. आता तुला सांगतो. तुला त्यातलं अर्धंच ठाऊक आहे.

त्या दुपारी माझी लेन बंद होती, तेव्हा मीच म्हणालो होतो, "जा, जेवून ये, मी बसतो." मशीन तुझ्या कोडवर चालू होतं. दुसऱ्याच्या कोडवर बसायचं नाही असा नियम होता, पण पाळत कोण होतं? अर्ध्या तासात तू हात पुसत परत आलास. त्या अर्ध्या तासात तीन गाड्या पावतीशिवाय गेल्या, आणि नेमकं त्याच दिवशी तपासणीवाले पलीकडच्या झाडाखाली गाड्या मोजत बसले होते. तू चौकशीत म्हणालास, मशीन अडकलं असेल. मला वाटतं, तुला खरंच तसं वाटत होतं.

मशीन अडकलं नव्हतं रे. त्या गाड्या माझ्या होणाऱ्या व्याह्यांच्या होत्या. लग्न पक्कं करायला आमच्याकडेच निघाले होते. पहिल्या गाडीत व्याही, हातात नोट घेऊन. मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी दांडा वर केला आणि म्हणालो, "तुमच्याकडून कसला टोल! नाका आपलाच समजा." संध्याकाळी आमच्या बैठकीत ते चारचौघांना सांगत होते, सोयरा वजनदार आहे म्हणून. मी फुगून बसलो होतो. एवढ्यासाठी तुझी नोकरी गेली. आजारी माणूस नव्हता गाडीत, अडलेली बाई नव्हती. माझा तोरा होता, बस.

साहेबानं विचारलं, "तीन नंबरमध्ये तू बसला होतास?" मी म्हणालो, "नाही साहेब, मी मागं सुट्टे मोजत होतो." गांगरलो नव्हतो. दोन शब्द इकडचे तिकडे झाले नव्हते. घरून ठरवून आलो होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता हा तोंड उघडणार आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाणार. तू गप्प राहिलास. माझ्या घरी पत्रिका छापून आल्या होत्या, हे तुला माहीत होतं. पहिली तुलाच दिली होती.

आणखी एक. मागच्या पत्रात मी लिहिलं, तुझ्या घरी सगळे बरे असतील. लिहिताना मला माहीत होतं की वहिनी गेल्या. नाक्यावरच्या चहावाल्याकडून कळलं होतं. "त्या बाजूला काम होतं" ते हेच. तुलाच भेटायला निघालो होतो.

तुझ्या किल्ल्यांच्या दुकानासमोर पोचलोही. रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली. तू चष्मा नाकावर ओढून किल्ली घासत होतास. गिऱ्हाइकाशी इतकं हळू बोलत होतास की त्याला कान पुढं करावा लागत होता. आपला भोंगा, आणि त्याचं बोलणं रस्ता ओलांडून येईना! मी अर्धा तास बसलो. काय बोलायचं ते घोकत होतो, दार उघडत होतो, परत लावत होतो. शेवटी गाडी वळवली. म्हणून फोटो दोन आहेत. दुसरा मी कुणाला दाखवला नाही. त्यात लेन वेगळी आहे, दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत आणि तोंड बघवत नाही.

काल मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, लग्नात काकू एकट्याच आल्या. काका का नाही आले, मी तुम्हाला विचारलं होतं." विचारलं होतं तिनं. मी म्हणालो होतो, त्याला वेळ नसेल.

आज अपील ऑफिसात गेलो. तुझा फॉर्म दिला नाही. पांढऱ्या कागदावर लिहून नेलं होतं, की त्या दुपारी तीन नंबरच्या खिडकीत तुझ्या कोडवर मी बसलो होतो, तीन गाड्या मी सोडल्या आणि चौकशीत खोटं बोललो. बाईंनी दोनदा वाचलं.

"काका, हे अपिलात बसत नाही."

"मग कशात बसतं?"

दोन ठिकाणी फोन करून त्यांनी शिक्का मारला. म्हणाल्या, "वर पाठवते. काय होईल सांगता येत नाही. पण तुमची टोलमाफी मात्र गेली हं." म्हटलं, जाऊ दे बाई. दोन्ही दंड भरले आणि बाहेर आलो.

शिक्क्याची प्रत सोबत आहे. नोकरी त्यानं परत मिळणार नाही, अकरा वर्षंही नाहीत. ज्यांनी ती तुझ्याबरोबर काढली, त्या वहिनींना तरी हे वाचता यायला हवं होतं. मी वेळेवर लिहिलं असतं तर त्यांनी वाचलं असतं. "माफ कर" असं दोनदा लिहिलं आणि खोडलं. ते मागायला तुझ्यासमोर उभं राहायला पाहिजे, तिकीट लावून चालणार नाही.

येऊ का? टोल भरून येईन. नको म्हणायचं असेल तर नको म्हण, पण जुन्या आवाजात म्हण. एकदा तो ऐकायचाय.

त्या दुपारी तीन नंबरच्या खिडकीत बसलेला,
चिल्लर